ग्रॅज्युएट स्कूलमध्ये विद्यार्थी गटाची अधिकृत मान्यता: घटना, सभासद, खातं, मानधन

धोरण_कट्टा

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये विज्ञान धोरणावर चर्चा आणि काम करणारा गट काढायचा आहे. सध्या १४ जण आहोत: ९ पीएचडीचे, ४ मास्टर्सचे, १ पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक). मान्यतेच्या अर्जाला किमान १० सभासदांची यादी, लिखित घटना (गटाची मूळ नियमावली), सल्लागाराची सही, भेदभावविरोधी कलम आणि हेझिंग (रॅगिंगसारखा नव्यांचा छळ) न करण्याची हमी जोडायची आहे. शिवाय एक चौकोन आहे, 'गटाचा प्रकार: प्रायोजित / नोंदणीकृत'. तिथेच गाडी अडली आहे.

प्रश्न असे:

१. विद्यापीठाच्या विद्यार्थी-गट कार्यालयाने नमुना घटना दिली आहे. ती जशीच्या तशी भरून द्यावी का?

२. सभासदत्व फक्त पीएचडीवाल्यांपुरतं ठेवता येईल? ते नाही तर निदान पदाधिकारी तरी?

३. पैसे विद्यापीठाच्या खात्यात ठेवावेत की बाहेर बँकेत?

४. बाहेरचे वक्ते बोलवायचे आहेत (मानधन देऊन), माहितीपट दाखवायचेत, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात भेटी घ्यायच्या आहेत. यात नेमकं कुठे अडतं?

नियमपुस्तिका वाचली आहे. काय करायचं ते त्यात आहे, का करायचं ते नाही, त्यामुळे कुठला नियम मोडला तर खरंच महागात पडेल याचा अंदाज येत नाही.

उपकलम

आधी तो चौकोन, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं.

प्रायोजित गट हा विद्यापीठाच्या एखाद्या विभागाचा भाग असतो. पैसे विद्यापीठाच्या खात्यात, करार विद्यापीठ करणार, विमा विद्यापीठाचा आणि शेवटचा शब्दही विभागाचा. नोंदणीकृत गट म्हणजे स्वतंत्र मंडळी. विद्यापीठ त्यांना खोल्या वापरू देतं, विद्यार्थी शुल्कनिधीसाठी अर्ज करू देतं, सत्राच्या सुरुवातीच्या मेळाव्यात टेबल देतं आणि अधिकृत यादीत नाव घालतं. मान्यता म्हणजे एवढीच परवानगी. उद्या गटाच्या नावावर थकबाकी झाली तर विद्यापीठ हात वर करणार. गटाची वेगळी कायदेशीर नोंदणी नसेल, तर ज्याने करारावर सही केली त्याच्या गळ्यात ती पडू शकते. शब्द विद्यापीठागणिक बदलतात, पण ही दोन खोकी जवळपास सगळीकडे असतात. धोरणावर मत मांडायचं असेल तर नोंदणीकृत बरं. प्रायोजित गटाचं प्रत्येक निवेदन विद्यापीठाचंच मानलं जातं, आणि मग ते संपर्क कार्यालयाच्या चाळणीतून जातं.

गटाचं नावही याच कारणासाठी तपासतात. आधी गटाचं नाव, मग 'अ‍ॅट' आणि विद्यापीठ, असा क्रम चालतो. विद्यापीठाचं नाव सुरुवातीला आलं की तो विद्यापीठाचाच विभाग वाटतो आणि अर्ज परत येतो. बोधचिन्हाचंही तसंच: विद्यापीठाची मुद्रा वापरायची नाही, रंग वापरले तर सहसा कोणी हरकत घेत नाही.

आता घटना. नमुना जरूर घ्या, पण तीन जागी हात घाला.

पहिली जागा गणपूर्ती, म्हणजे सभेत निर्णय घ्यायला लागणारी किमान हजेरी. नमुन्यात बहुधा 'एकूण सभासदांच्या निम्मे' असं असतं. मेळाव्यात दीडशे जण यादीत नाव लिहून जातात, सभेला पंधरा येतात, आणि गटाला पुढे कधीच काही ठरवता येत नाही. घटना बदलायलाही गणपूर्ती लागते, म्हणजे कुलूप आत आणि किल्लीही आत. त्याऐवजी असं लिहा: 'चालू सत्रात किमान दोन सभांना हजर राहिलेला विद्यार्थी हा सक्रिय सभासद. गणपूर्ती सक्रिय सभासदांच्या एक तृतीयांश. सत्राच्या पहिल्या सभेसाठी मागील सत्राची यादी ग्राह्य.' ते शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या सभेत सक्रिय सभासद शून्य भरतात.

दुसरी जागा 'दोन तृतीयांश बहुमत'. कशाचे दोन तृतीयांश? समजा सक्रिय सभासद ३०, हजर १८, मत दिलं १५ जणांनी आणि तिघं तटस्थ. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश म्हणजे २०, म्हणजे ठराव होणं अशक्यच. हजर असलेल्यांच्या म्हणजे १२. टाकलेल्या मतांच्या म्हणजे १०. एकाच सभेत तीन वेगवेगळे निकाल. 'पूर्वसूचना देऊन, टाकलेल्या मतांच्या दोन तृतीयांश' असं स्पष्ट लिहा. घटना गप्प असेल तिथे रॉबर्ट्स रूल्स (सभा चालवण्याच्या नियमांचं प्रचलित पुस्तक) लागू, असं एक वाक्य टाकून ठेवलं की बाकी फटी बुजतात.

तिसरी जागा पदावरून दूर करणं आणि रिक्त पद भरणं. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये हे कलम फार कामाला येतं. पदाधिकाऱ्याचं नाव त्या सत्रात पटावर असावं लागतं. मास्टर्सचा विद्यार्थी डिसेंबरात पदवी घेतो, पीएचडीवाला क्षेत्रकार्यासाठी रजेवर जातो, आणि रजा मंजूर झाली त्या दिवशी पद गेलं. अध्यक्ष आणि खजिनदार या दोन व्यक्ती वेगळ्या असल्याच पाहिजेत, त्यामुळे एक गळाला की दुसऱ्याने दोन्ही सांभाळण्याची पळवाट नाही. 'रिक्त पद १४ दिवसांत कार्यकारिणी नेमणुकीने भरेल, पुढच्या सभेत ते मंजूर करून घ्यावं' इतकं पुरे.

सभेचा वार, समित्या, वर्गणीचा आकडा हे घटनेत घालू नका. त्यासाठी वेगळी उपनियमावली करा. घटनेतली प्रत्येक दुरुस्ती कार्यालयाकडून मंजूर करून आणावी लागते, उपनियमांना सहसा तेवढा फेरा नसतो.

पोस्टडॉक विद्यार्थी नाही, कर्मचारी आहे. दहाच्या यादीत धरू नका. 'सहयोगी, मताधिकाराविना' असं पोटकलम करा. म्हणजे तुमच्याकडे १३ उरले. चारही मास्टर्सवाले मे महिन्यात गेले तर ९, आणि नूतनीकरणाला १० लागतात. आत्तापासून पहिल्या वर्षाचे चार-पाच जण ओढा.

सल्लागार पूर्णवेळ प्राध्यापक किंवा कर्मचारी लागतो. त्या व्यक्तीची सही दरवर्षी नव्याने घेतात, आणि ती सबॅटिकलवर (प्राध्यापकांच्या दीर्घ रजेवर) असेल तर अर्ज नुसता पडून राहतो. उपसल्लागार असावा, असं घटनेतच लिहून टाका.

पहिली_दुरुस्ती

प्रश्न २ वर. विद्यापीठ सरकारी आहे हे बरं झालं सांगितलंत, कारण खासगी असतं तर उत्तराची सुरुवातच वेगळी झाली असती. संविधानाची पहिली दुरुस्ती (भाषण आणि एकत्र येण्याचं स्वातंत्र्य) सरकारी संस्थांना बांधते. खासगी विद्यापीठात तुमचा आधार म्हणजे त्यांच्याच पुस्तिकेत दिलेली आश्वासनं आणि त्या राज्याचा कायदा.

सरकारी विद्यापीठाला गटाचे विचार पटत नाहीत म्हणून मान्यता नाकारता येत नाही. हे १९७२ च्या हीली विरुद्ध जेम्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: कॅम्पसचे वाजवी नियम पाळू, अशी हमी मागण्याचा हक्क विद्यापीठाला आहे. तुमच्या अर्जातली हमीपत्रं त्यात बसतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सभासदत्वासाठी पुस्तिकेत दोनपैकी कुठलं धोरण आहे ते शोधा.

एक प्रकार 'यादीतल्या कारणांवरून भेदभाव नको' असा असतो. वंश, रंग, राष्ट्रीय मूळ (१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल म्हणजे प्रकरण सहा), लिंग (१९७२ चं टायटल नऊ), शिवाय धर्म, वय, अपंगत्व वगैरे. 'पीएचडी करणारे' हे त्या यादीत नाही, म्हणून अशा ठिकाणी ही अट निव्वळ भेदभावाच्या नियमाने अडत नाही.

दुसरा प्रकार 'येईल त्याला प्रवेश'. इथे पटावरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला सभासद होता आलं पाहिजे आणि निवडणुकीला उभंही राहता आलं पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज लॉ कॉलेजचं असं धोरण २०१० मध्ये ख्रिश्चन लीगल सोसायटी विरुद्ध मार्टिनेझ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी टिकलं. न्यायालयाने 'असं धोरण ठेवलं तर चालेल' इतकंच म्हटलं आहे, 'ठेवलंच पाहिजे' असं नाही. पुढे काही राज्यांनी उलट दिशेचे कायदे केले, त्यामुळे तुमच्या राज्याचा कायदाही बघावा लागेल.

तिसरी गोष्ट या दोन्हींच्या बाहेरची आहे. विद्यार्थी शुल्क मास्टर्सवालेही भरतात. त्याच निधीतून चालणाऱ्या गटात त्यांना मज्जाव, हे निधी समितीसमोर टिकवणं कठीण.

तुम्हाला जे साधायचंय, म्हणजे पदावर गंभीर लोक यावेत, ते दुसऱ्या वाटेने होतं. वर्गणी भरलेली असणं, एका सत्रात ठरावीक सभांना हजेरी, एखादं धोरण-टिपण लिहिलेलं असणं, अशा सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या अटी 'येईल त्याला प्रवेश' धोरणातही चालतात. हेस्टिंग्जमध्येही चालत होत्या. 'पीएचडीच हवा' यापेक्षा 'अध्यक्षपदासाठी दोन सत्रांची सक्रिय सभासदी' हे सरळ आहे. पीएचडीवाले जास्त वर्षं टिकतात, त्यामुळे पदं आपोआप बहुतेक त्यांच्याकडेच जातील.

भेदभावविरोधी कलमाची भाषा मात्र तुमची नको. विद्यापीठाचं वाक्य स्वल्पविरामासकट उतरवा. यादीतला एक शब्द गाळला म्हणून अर्ज परत येणं ही इथली सर्वात सामान्य गोष्ट आहे.

निधीबद्दल: सक्तीचं शुल्क गोळा करायला विद्यापीठाला मुभा आहे, पण वाटप करताना मतांच्या बाबतीत तटस्थ राहावं लागतं. १९९५ चा रोझेनबर्गर (व्हर्जिनिया विद्यापीठ) आणि २००० चा साउथवर्थ (विस्कॉन्सिन) हे ते दोन निकाल. व्यवहारात याचा उपयोग असा: 'विषय वादग्रस्त आहे' म्हणून पैसे नाकारले तर लेखी निकष मागा. 'अर्ज उशिरा आला', 'अंदाजपत्रकात बेरीज चुकली' यावर मात्र काही करता येणार नाही, आणि नकार बहुतेक वेळा तसल्याच कारणाने येतो.

हेझिंगची हमी हसण्यावारी नेऊ नका. ग्रॅज्युएट स्कूलवाल्यांना वाटतं हे पदवीपूर्व पोरांच्या बंधुसंघांचं (फ्रॅटर्निटींचं) प्रकरण. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या स्टॉप कॅम्पस हेझिंग कायद्यात 'विद्यार्थी संघटना' म्हणजे दोन किंवा अधिक विद्यार्थी असलेली कुठलीही मंडळी, विद्यापीठाने मान्यता दिलेली असो वा नसो. तुमचा गट त्यात येतोच.

पावतीपुस्तक

प्रश्न ३. शुल्कनिधीतून आलेला पैसा विद्यापीठाच्या आतल्या खात्यातच राहतो, त्यात निवड नाही. प्रश्न उरतो तो वर्गणी, देणग्या आणि विक्रीच्या पैशांचा. वर्षाला हजार-पाचशे डॉलरचाच मामला असेल तर तेही आत ठेवा. काम संथ चालतं, पण हिशेब आपोआप राहतो आणि खजिनदार पदवी घेऊन गेला तरी खातं जागेवर असतं.

बाहेर खातं काढायचंच असेल तर गटाचा स्वतःचा ईआयएन (संस्थेचा कर ओळख क्रमांक) लागतो. आयआरएसकडे (अमेरिकेचं आयकर खातं) फॉर्म एसएस-४ ने तो फुकट मिळतो. पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. ऑनलाइन अर्जाला जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नसलेल्यांचा कर क्रमांक) हवा. तो नसेल तर फॉर्म फॅक्सने किंवा टपालाने पाठवता येतो, फक्त वेळ जास्त जातो. क्रमांक मिळाल्याचं पत्र, सीपी ५७५, एकदाच मिळतं. त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवा. हरवलं तर आयआरएसकडून १४७सी हे पत्र मागवावं लागतं. बँक सहसा हे पत्र, घटना, सह्यांचे अधिकार कोणाला दिले त्या सभेचं इतिवृत्त आणि सही करणाऱ्यांची ओळखपत्रं मागते.

दोन गोष्टी कदापि नको. विद्यापीठाचा ईआयएन वापरून खातं काढणं: नोंदणीकृत गटाला तो वापरायचा अधिकारच नाही आणि मान्यता जायला एवढं पुरतं. दुसरी, खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर खातं: व्याज त्याच्या विवरणात दिसतं, खातं कायद्याने त्याचंच ठरतं, आणि तो दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला की गट बँकेच्या काउंटरवर हात चोळत उभा. वैयक्तिक पेमेंट अ‍ॅपवर वर्गणी गोळा करणं याच जातीचं.

ईआयएन म्हणजे करमाफी नव्हे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्थेचा करमाफ दर्जा, वेगळा. वार्षिक जमा साधारणपणे ५,००० डॉलरच्या आत असलेल्या पात्र धर्मादाय गटाला त्यासाठी अर्ज न करताही तो दर्जा धरता येतो. त्यापुढे फॉर्म १०२३-ईझेड, शुल्क २७५ डॉलर. विक्रीकराची सूट हे तिसरंच प्रकरण, ते राज्याच्या हातात. दुकानात विद्यापीठाचं सूट प्रमाणपत्र दाखवणं नोंदणीकृत गटाला चालत नाही. आणि पत्रकावर 'देणगी करमुक्त' असं छापू नका. देणगीदाराला तशी पावती हवी असेल तर पैसे विद्यापीठासाठी देणग्या घेणाऱ्या फाउंडेशनमार्फत येऊ द्या.

खर्चाची भरपाई कुठे अडते ते सांगतो. समजा ३८.४० डॉलरचा चहा-फराळ आणला. कार्ड मशीनमधून निघालेली चिठ्ठी, जिच्यावर फक्त रक्कम आणि सही आहे, ती चालत नाही. प्रत्येक वस्तू लिहिलेली पावती हवी. त्याच पावतीवर स्वतःसाठी घेतलेला शांपू असेल तर कारकून ती ओळ खोडत बसत नाही, सगळाच कागद परत करतो. सोबत पैसे दिल्याचा पुरावा, कार्यक्रमाचं पत्रक आणि उपस्थितांची यादी. कार्डावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच हवं. मित्राच्या कार्डाने दिलेत तर भरपाई मित्राला. मुदत बहुतेक ठिकाणी ६० दिवस, कारण आयआरएसच्या नियमांत खर्चाचा हिशेब द्यायला तेवढी मुदत वाजवी धरलेली आहे. त्यानंतर दिलेले पैसे करपात्र उत्पन्न ठरू शकतात. तो कारकून आडमुठा नसतो, लेखापरीक्षक त्याच्या मानगुटीवर असतो.

बक्षीस म्हणून गिफ्ट कार्ड देणार असाल तर आधी विचारा. ती रोखीसारखीच धरतात, कोणाला किती दिलं याची नोंद लागते. आणि सोडत काढून निधी जमवणं टाळाच. पैसे देऊन तिकीट, नशिबावर निवड आणि बक्षीस, या तीन गोष्टी जुळल्या की बहुतेक राज्यांत तो जुगार किंवा परवाना लागणारी लॉटरी. तिन्हींपैकी एक काढा, म्हणजे तिकीट फुकट ठेवा किंवा प्रश्नमंजुषा घ्या, की प्रश्न मिटला.

धोरण_कट्टा

नोंदणीकृतवर खूण केली, गणपूर्तीचं कलम जवळपास तसंच उचललं. चौथा प्रश्न राहिला. ठोस सांगतो: एक वक्ता दुसऱ्या विद्यापीठातला पोस्टडॉक (एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर), एक युरोपातून पर्यटक व्हिसावर येणारी प्राध्यापिका, आणि एक तिसऱ्या विद्यापीठातला एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरचा) पीएचडी विद्यार्थी. प्रत्येकी ३०० डॉलर देण्याचा विचार आहे.

दालन_आरक्षण

तीन वक्ते, तीन वेगळी उत्तरं. निमंत्रणाच्या पत्रात रक्कम लिहिण्याआधी वाचा, कारण एकदा लिहिलं की मागे घेणं अवघड जातं.

एच-१बी वाल्याला ज्या संस्थेने त्याचा व्हिसा काढला तिच्याकडूनच मोबदला घेता येतो. तुमचे ३०० डॉलर त्याने घेतले तर तो अडचणीत येतो. मानधन नको. प्रवासखर्चाची भरपाई द्यायची असेल तर ती पावत्यांवर, आणि दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना विचारून.

पर्यटक किंवा व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर आलेल्या प्राध्यापिकेला मानधन देता येतं, पण ९-५-६ नियमात: एका संस्थेत जास्तीत जास्त ९ दिवस, आणि मागच्या ६ महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून घेतलेलं नको. ही तरतूद उच्च शिक्षणसंस्था आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था वगैरेंसाठी आहे, म्हणून पैसे गटाच्या बाहेरच्या खात्यातून न देता विद्यापीठामार्फत द्या. तिच्या ३०० मधून ३० टक्के म्हणजे ९० डॉलर कर कापला जाईल, तिच्या देशाशी असलेल्या करारात सूट असेल आणि तिने फॉर्म ८२३३ भरला असेल तर नाही. त्या फॉर्मला अमेरिकन कर क्रमांक लागतो. तो तिच्याकडे नसेल तर कापलेलेच पैसे घ्यावे लागतील हे तिला आधी सांगा. कागदपत्रांसाठी सहा आठवडे धरा.

एफ-१ विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठात मोबदल्याचं काम करायला वेगळी परवानगी लागते. एका व्याख्यानासाठी ती काढणं व्यवहार्य नाही. त्याचं तिकीट आणि राहणं बघा, मानधन सोडा. तुमच्याच गटातल्या एफ-१ सभासदांना बिनपगारी पदाधिकारी व्हायला अडचण नाही. पदाला उद्या भत्ता सुरू झाला तर मात्र आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा.

कुठल्याही करारावर तुम्ही सही करायची नाही. सभागृह, ध्वनियंत्रणा, बाहेरचा खानपानवाला, सगळ्यांचे कागद विद्यापीठाच्या अधिकृत सहीकर्त्याकडे. खानपानवाल्याकडून विम्याचं प्रमाणपत्र मागतात, बहुधा १० लाख डॉलरचं, आणि त्यात विद्यापीठाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून हवं. छोट्या व्यावसायिकाकडे ते नसतं, आणि ही गोष्ट कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी उघड होते. दर विचारायच्या आधी प्रमाणपत्र विचारा.

माहितीपट: घरचं स्ट्रीमिंग खातं प्रोजेक्टरला जोडणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन. प्रवेश फुकट आहे, प्रेक्षक वीसच आहेत, याने फरक पडत नाही. वर्गात शिकवताना दाखवण्याची जी सूट आहे ती अभ्यासक्रमातल्या तासापुरती, गटाच्या संध्याकाळच्या बैठकीला ती लागू होत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क वितरकाकडून घ्यावा लागतो. पण आधी ग्रंथालयात विचारा. ग्रंथालयांनी घेतलेल्या बऱ्याच शैक्षणिक माहितीपटांसोबत हा हक्क आधीच आलेला असतो, त्याची नोंद सूचीत दिसते.

खोल्या गटाच्या नावाने सवलतीत मिळतात. बाहेरच्या संस्थेने 'तुमच्या नावावर घ्या, खर्च आमचा' म्हटलं तर नाही म्हणा. मान्यता निलंबित होण्याचं हे जुनं आणि हमखास कारण आहे.

लोकप्रतिनिधींच्या भेटी: एखाद्या विधेयकावर बोलणं आणि एखाद्या उमेदवाराचा प्रचार करणं, या दोन्हींत भिंत आहे. ५०१(सी)(३) संस्थांना प्रचाराला पूर्ण बंदी, विधेयकांवर बोलायला मर्यादेत मुभा. सरकारी विद्यापीठात त्यावर राज्याचे नियमही असतात. म्हणून भेटीत 'आम्ही या विद्यापीठातले विद्यार्थी, मत आमच्या गटाचं' असं म्हणा, विद्यापीठाचं लेटरहेड वापरू नका आणि प्रवासाला शुल्कनिधी वापरता येतो का ते लेखी विचारून घ्या. उमेदवाराला चर्चेला बोलावलंत तर प्रतिस्पर्ध्यालाही तशाच वेळेचं, तशाच दालनाचं निमंत्रण हवं. तो आला नाही तरी पाठवलेली ईमेल जपून ठेवा.

उपकलम

वक्त्यांचं वरचं सगळं बरोबर. एक भर हस्तांतरणाची, कारण ग्रॅज्युएट गट बहुतेक तिथेच संपतात.

निवडणूक मार्चमध्ये घ्या, एप्रिलभर जुने-नवे पदाधिकारी जोडीने काम करू देत. मे महिन्यात निवडणूक ठेवली तर प्रबंध आणि परीक्षांत गणपूर्ती होत नाही. नूतनीकरणाची मुदत आणि पदाधिकाऱ्यांचं सक्तीचं प्रशिक्षण कुठल्या महिन्यात येतं ते बघून तारीख मागे-पुढे करा. प्रशिक्षण एकानेही चुकवलं तर पूर्ण गटाची खोली-आरक्षणाची सोय गोठते.

घटना, इतिवृत्तं, सभासद यादी एखाद्या सभासदाच्या विद्यापीठ खात्यातल्या ड्राइव्हवर ठेवू नका. पदवीनंतर ते खातं बंद झालं की फायलीही गेल्या. गटाच्या नावाचा सामायिक ईमेल कार्यालयाकडून मागून घ्या आणि मालकी त्या खात्याकडे द्या. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा फोन क्रमांकही बदलायचा असतो, तो हमखास मागच्या अध्यक्षाचा राहतो.

पावतीपुस्तक

त्याच यादीत आयआरएस घाला. ईआयएनची जबाबदार व्यक्ती बदलली की ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी पाठवायचा. बँकेत नव्या सह्या देण्यासाठी निवडणुकीचं इतिवृत्त लागतं, आणि जुना सहीकर्ता गावात असतानाच जा, काही बँका त्यालाही समोर बोलावतात.

करमाफीचा दर्जा घेतलात तर जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेपर्यंत दरवर्षी आयआरएसला फॉर्म ९९०-एन हे छोटं विवरण, ऑनलाइन, दहा मिनिटांचं काम. उशिराला दंड नाही, म्हणून सगळे विसरतात. सलग तीन वर्षं फॉर्म भरायचा राहिला की दर्जा आपोआप रद्द होतो, आणि परत मिळवायला पुन्हा अर्ज आणि शुल्क. मुदत हिशेबी वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख. हिशेबी वर्ष ३० जूनला संपवलंत तर ती १५ नोव्हेंबरला येते, तेव्हा नवा खजिनदार जागेवर असतो. डिसेंबरला संपवलंत तर १५ मे, म्हणजे जुना सामान बांधतोय आणि नव्याला पासवर्ड माहीत नाही. एसएस-४ वर हिशेबी वर्षाचा शेवटचा महिना विचारतात, तिथे जून लिहा.